सिस्टर, कोर्सच्या आधी एक अख्खं पाजणं बघा

साताऱ्याजवळच्या एका तालुक्याच्या गावातून एका सिस्टरनी प्रश्न विचारलाय. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेल्या, २५ खाटांच्या खासगी दवाखान्यात ७ वर्षं प्रसूती वॉर्डात आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: “सिझरच्या पेशंटचं बाळ जन्मताना २९०० ग्रॅम होतं, तिसऱ्या दिवशी २६४० भरलं. आई म्हणते दूध येत नाही, सासू म्हणते पोर उपाशी आहे. मी दर वेळी जाऊन बाळ नीट लावून देत होते. तरी डॉक्टर सरांनी पावडरचं दूध लिहिलं. सातव्या दिवशी टाके काढायला आली तेव्हा बाळ अंगावर घेतच नव्हतं. महिन्यातून चार-पाच वेळा असं होतं. माझं काय चुकतं? लॅक्टेशन कन्सल्टंटचा कोर्स केला तर सर माझं ऐकतील का? कुठला करू?”

मी आधी ९ वर्षं स्टाफ नर्स होते, गेली ११ वर्षं मिरजेत फक्त लॅक्टेशन कन्सल्टंटचं, म्हणजे स्तनपानाच्या सल्ल्याचं काम करते. तुमच्या प्रश्नातला वॉर्ड मला वासासकट ओळखीचा आहे. सर राउंडला येतात तेव्हा खोलीत सासू, आई आणि नणंद तिघी एकदम बोलतात, बाळंतीण तेवढी गप्प असते.

तुम्ही दोन प्रश्न विचारलेत. माझ्या मते गाठ एकाच जागी आहे, आणि ती तुम्हीच लिहिलेल्या तीन शब्दांत आहे: “लावून देत होते.”

हे लावून देणं कसं असतं ते मी सांगते, कारण नऊ वर्षं मी तेच केलं आणि त्यात माझा हात फार चांगला समजला जायचा. सिस्टर येतात. एका हातात आईचा स्तन, दुसऱ्या हातात बाळाचं डोकं. बाळानं रडायला तोंड उघडलं की पटकन डोकं पुढे. बाळ दोन-चार वेळा चोखतं. “हं, घेतलं बघा,” म्हणून सिस्टर पुढच्या कॉटकडे. आईचा एक हात सलाईनच्या सुईमुळे आखडलेला, दुसऱ्यानं तिनं कॉटची दांडी धरलेली. मिनिटभरात बाळाचं तोंड सुटतं. पुन्हा कसं लावायचं हे तिला माहीत नाही, कारण सगळं तुमच्या हातांनी झालं. ती शिकते एकच गोष्ट, सिस्टर असल्या तरच माझं बाळ पितं. घरी सिस्टर नाहीत. मग घरी पितच नाही.

शिवाय डोक्याच्या मागे दाब आला की बाळ उलट मान मागे टाकतं. हे प्रत्येक बाळाचं आहे. आधार हवा तो खांद्यांच्या मधे आणि मानेच्या बुडाला, डोकं मोकळं. आपण डोकं ढकलत राहतो आणि कागदावर लिहितो, ‘बाळ अंगावर घेत नाही.’

म्हणून कोर्सचं नंतर बघू. आधी एक काम करा. ड्युटीत एक आई निवडा, फक्त एक, आणि तिचं एक अख्खं पाजणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसून बघा. हात मागे बांधून. वीस मिनिटं लागतील, कधी चाळीस. रात्री दोन सिस्टर आणि वीस पेशंट असतील तर हे जमणार नाही, मला ठाऊक आहे. दुपारी दोन ते चारच्या मधे वॉर्ड जरा शांत असतो, तेव्हा जमतं.

काय बघायचं? पहिली पाच मिनिटं बाळाची हनुवटी. सुरुवातीला ती भराभर, उथळ हलते, टकटक टकटक. हे पान्हा बोलावणं. मग पान्हा फुटला की लय बदलते. तोंड मोठं उघडतं, हनुवटी खाली जाते, तिथे क्षणभर थांबते आणि मग मिटते. तो थांबा म्हणजे घोट. कान जवळ नेला तर ‘क्’ असा बारीक आवाज येतो. नुसत्या चिकावर (बाळंतपणानंतरच्या पहिल्या घट्ट दुधावर) असलेलं बाळ बऱ्याच चोखण्यांनंतर एखादा घोट घेतं. दूध उतरलं की एका-दोन चोखण्यांमागे एक घोट येऊ लागतो. दहा मिनिटांत एकही थांबा दिसला नाही तर बाळ ‘लागलेलं’ असेल, पीत नाहीये. हा फरक मला नऊ वर्षांत कुणी दाखवला नव्हता. मी घड्याळ बघायचे आणि केसपेपरवर लिहायचे: १५ मिनिटं, दोन्ही बाजू.

नंतर बाळाच्या मुठी बघा. सुरुवातीला घट्ट मिटून तोंडाजवळ असतात, पोटात गेलं की बोटं सुटतात, हात खाली येतो. आणि बाळानं सोडलं त्या क्षणी बोंडाचा आकार बघा. गोल, होता तसाच, नुसता थोडा लांबट झाला असेल तर ठीक. नव्या लिपस्टिकसारखा तिरका चेपला असेल, टोकाला पांढरी रेघ असेल, तर बाळानं पुरेसा स्तन तोंडात घेतलेला नव्हता, ते बोंडावरच चावत होतं. मग दुखणार, चिरा पडणार, आणि दूध निघणार नाही ते निघणार नाहीच.

तोंड उथळ लागलं असेल तर हात आईचेच वापरायचे. हवं तर तिच्या हातावर तुमचा हात ठेवून दाखवा, पण बाळ तिनं धरायचं. बाळाचं पोट आईच्या पोटाला, बाळाचं नाक बोंडासमोर. तोंड समोर नको, नाक समोर. मग ते वर बघून तोंड मोठं उघडतं आणि आधी हनुवटी टेकते. सिझरला टाक्यांवर भार नको असेल तर बाळ काखेतून मागे पाय करून, किंवा आई थोडी मागे रेलून बाळ तिरकं छातीवर. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये या पकडींचे व्हिडिओ मराठीतूनही आहेत. फुकट आहेत. आईच्या मोबाइलवरच लावून द्या, आणि सासूबाईंना शेजारी बसवा.

आता ‘दूध येत नाही’ याकडे. या वाक्यात तीन वेगवेगळ्या तक्रारी असतात आणि आपण तिन्हींना एकच उत्तर देतो.

पहिली: अजून उतरलेलं नाही. वार पडली की प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक खाली येतं आणि साधारण ३० ते ७२ तासांत दूध वाढतं. सिझर, लांबलेल्या कळा, जास्त रक्तस्राव, मधुमेह, जास्त वजन, पहिलं बाळंतपण यांपैकी काही असेल तर हे ७२ तासांच्या पुढे जातं. तोवर चीक असतो आणि तो थेंबांनीच येतो. पहिल्या २४ तासांत बाळ एका वेळी २ ते १० मिली घेतं, दुसऱ्या दिवशी ५ ते १५, तिसऱ्या दिवशी १५ ते ३०. म्हणजे पहिल्या दिवशी एका खेपेला चहाचा चमचा-दोन चमचे. नातेवाईक बोंड पिळून बघतात, दोन थेंब दिसतात आणि निकाल लागतो: “हिला न्हाईच ओ दूध.” असे थेंब मी एकदा सिरिंजमध्ये ओढून दाखवले होते. अर्धा मिली भरला. मावशी म्हणाल्या, “एवढुसं?” मी म्हटलं, “मावशी, असं दहा मिनिटं काढलं की तिचं आत्ताचं जेवण झालं.”

दुसरी: दूध आहे, निघत नाही. उथळ पकड, झोपाळू बाळ, तटलेला स्तन. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सलाईन भरपूर गेलेल्या सिझरच्या आईचा बोंडाभोवतीचा काळा भाग सुजून फुग्यासारखा होतो, बाळाच्या तोंडात काहीच येत नाही. तिथे पंप लावला की सूज आणखी पुढे येते. बोटांच्या टोकांनी बोंडाच्या बुडाशी छातीच्या दिशेनं हलकं दाबून एखादं मिनिट धरायचं, सूज मागे सरकते, आणि लगेच बाळाला द्यायचं. एवढ्यानं कितीतरी पावडरीचे डबे वाचतात.

तिसरी: खरोखर कमी आहे. ही संख्येनं थोडी असते, पण असते, आणि तिला ‘पाजत राहा, येईल’ म्हणणं हा अन्याय आहे. गरोदरपणात छाती वाढली होती का, हे विचारा. पाचव्या दिवसापर्यंत जडपणा जाणवला का? दोन्ही स्तनांमधे खूप अंतर, आकार नळीसारखा, थायरॉइड, पीसीओएस, स्तनाची जुनी शस्त्रक्रिया, बाळंतपणात प्रचंड रक्तस्राव, हे सगळं विचारायचं. तासगावकडची एक आई होती. आठव्या दिवसापर्यंत छाती मऊच, आणि अंगावरून रक्त थांबेना. पकड उत्तम, बाळ जोरात चोखत होतं. मी तिला पुन्हा तिच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. सोनोग्राफीत वारेचा तुकडा राहिलेला निघाला. तो काढल्यावर दोन दिवसांत दूध उतरलं. आत काही राहिलं की शरीराला वाटतं वार अजून आहे.

आता तुमच्या पेशंटचा हिशेब. २९०० चे २६४० म्हणजे २६० ग्रॅम, जवळपास ९ टक्के. सात टक्क्यांच्या पुढे गेलं की पाजणं नीट तपासायचं आणि दहाच्या पुढे गेलं की बाळ तपासून कारण शोधायचंच, हे आपण सगळे शिकतो. पण नऊ म्हणजे काय, ते बाकीच्या गोष्टींवर ठरतं. सिझरच्या आधी आईला किती सलाईन गेलं? ते पाणी बाळातही जातं, पहिल्या दिवशी लघवीवाटे बाहेर पडतं आणि जन्मवजन फुगलेलं होतं हे तेव्हा कळतं. २४ तासांचं वजन घेतलं असेल तर तुलना त्याच्याशी करणं जास्त खरं. लघवी किती वेळा? तिसऱ्या दिवशी तीन तरी हव्यात, पाचव्या दिवसापासून सहा किंवा जास्त. शी काळी आहे, हिरवट झाली की पिवळी? चौथ्या-पाचव्या दिवशी पिवळी व्हायला हवी. आणि एक बारीक प्रश्न, ज्यावर माझे किती तास गेलेत देव जाणे: दोन्ही वजनं एकाच काट्यावर घेतली का?

तुम्ही विचारलंत सर ऐकतील का. मला वाटतं सरांना तुम्ही मत सांगत होतात, आणि मतांच्या लढाईत सिस्टर हरते. “सर, पावडर नको ना, आईला दूध येईल,” याला सरांकडे उत्तर आहे: “नाही आलं तर जबाबदार कोण?” आणि ते उत्तर बरोबर आहे. त्याऐवजी असं सांगून बघा: “सर, तीन नंबरचं बाळ ९ टक्के उतरलंय, पण आईला दोन लिटरवर सलाईन गेलंय. कालपासून चार लघव्या, शी हिरवी झालीय. दुपारी मी पाजणं बघितलं, डाव्या बाजूला घोट ऐकू येतात, उजवीकडे पकड उथळ आहे. आई दर दोन-अडीच तासांनी पाजून नंतर हातानं दूध काढतेय, आत्ता आठ मिली निघालं, ते चमच्यानं दिलं. उद्या सकाळी सहाला त्याच काट्यावर वजन करते. तोवर थांबू का?” कुठलाही शहाणा बालरोगतज्ज्ञ यावर विचार करतो. आणि सरांनी तरी द्या म्हटलं तर द्यायचं. किती, कशानं आणि किती वेळ, एवढं मात्र विचारून घ्यायचं.

कारण तुमच्या पेशंटच्या बाळाचं बिघडलं ते पावडर दिल्यानं कमी आणि देण्याच्या पद्धतीनं जास्त, असं मला वाटतं. वरचं द्यायचं तर क्रम ठरलेला आहे: आधी आईचंच काढलेलं दूध, ते नसेल तर दूधपेढीतलं, म्हणजे दुसऱ्या आयांनी दान केलेलं, पाश्चराइज्ड दूध, तेही नसेल तर पावडर. आशियातली पहिली दूधपेढी मुंबईच्या सायन हॉस्पिटलात १९८९ मध्ये सुरू झाली, पण तालुक्याच्या गावी मधला पर्याय बहुतेक कागदावरच असतो. मग आईचं किंवा पावडर. तिसऱ्या दिवशी पाजून झाल्यावर दहा-पंधरा मिली बोंडल्यानं (चोचीच्या छोट्या वाटीनं) दिलं तर ते औषध. दर वेळी बाटलीतून ५० मिली दिलं तर बाळ चार तास झोपतं, छाती भरून राहते, आणि भरून राहिलेली छाती दूध बनवणं कमी करते. चार दिवसांत सासूबाईंचं म्हणणं खरं ठरतं. प्रत्येक वेळी वरचं दिलं की तेवढ्याच वेळा आईनं दूध काढायचं, हे वाक्य सरांच्या चिठ्ठीवर नसतं. ते तुम्ही लिहा.

बोंडलं मी मुद्दाम म्हणतेय. आपल्या आज्या वापरायच्या तेच. आता बालरोग विभागात पलाडाई म्हणून स्टीलचं मिळतं. नसेल तर वाटी-चमचा. बाळ अर्धं बसतं करून, कडा खालच्या ओठाला टेकवून, त्यानं जिभेनं ओढून घ्यायचं, घशात ओतायचं नाही.

सातव्या दिवशी न घेणारं बाळही परत येतं, हे त्या आईला कळवा. बाळ कडकडून भुकेलं असताना झगडू नका. अर्धवट झोपेत, आईच्या उघड्या छातीवर झोपवून, थोडं वरचं आधी देऊन भूक मोडली की प्रयत्न करायचा. दिवसातून आठ वेळा तरी दूध काढणं चालू. वरचं एकदम बंद नाही, वजन बघत बघत कमी. दोन आठवडे लागतात, कधी चार, आणि काही जोड्या अर्धं अंगावरचं, अर्धं वरचं यावर स्थिरावतात. तेही चालेल.

पावडरीबद्दल मी इतकं सबुरीनं का बोलते, त्याला कारण आहे. ११-१२ वर्षांपूर्वी, प्रमाणपत्र अजून हातात नव्हतं पण डोक्यात हवा भरली होती. जतकडची एक आई तिसऱ्या दिवशीच घरी गेली. चौथ्या दिवशी तिचा फोन: “मॅडम, दूध कमी वाटतंय, पण बाळ काय रडत न्हाई, शांत झोपतंय.” मी म्हटलं, शांत आहे म्हणजे पोट भरतंय, पाजत राहा, वरचं काही देऊ नका. लघवीचं विचारलं नाही, वजन करायला लावलं नाही. पाचव्या दिवशी रात्री बाळ दवाखान्यात दाखल झालं. ३१०० चं २६५० झालं होतं, साडेचौदा टक्के. लंगोटाला विटकरी डाग, ताप, अंगातलं पाणी कमी होऊन रक्तातलं सोडियम चढलेलं. बाळ वाचलं, आता शाळेत जातं. पण ‘शांत झोपणारं बाळ’ हे शब्द ऐकले की आजही माझ्या पोटात खड्डा पडतो. चौथ्या दिवशी जे बाळ पाजायला उठत नाही ते शहाणं बाळ नसतं, थकलेलं असतं. त्या दिवसापासून मी फोनवर कुणालाही आधी आकडे विचारते, धीर नंतर देते.

घरच्यांविषयी दोन शब्द. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळंतशेपा यांच्याशी माझं भांडण नाही. बाळंतिणीला खायला मिळतंय, कुणीतरी तिच्यासाठी करतंय, चांगलंच आहे. पण दूध वाढतं ते बाहेर निघाल्यानं. शतावरीचा डबा उशाशी आणि बाळ चार-चार तास पाळण्यात, तर उपयोग शून्य. भांडण आहे ते मधाच्या बोटाशी आणि गुटीशी. वर्षाच्या आत मध नाहीच, त्यानं बोट्युलिझम हा जिवाणूंच्या विषाचा गंभीर आजार होऊ शकतो. सहा महिने पाणीसुद्धा नाही, एप्रिलमधल्या सांगलीतही नाही. सासूशी वाद घालू नका, तिला काम द्या. वाळव्याच्या एका आज्जींना मी घोट मोजायला बसवलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याच मला सांगत होत्या, “सिस्टर, उजव्या अंगाला बावीस गिळलं, डावीकडं नुसतं चाटतंय.” त्या सुनेला पुढे माझी गरज पडली नाही.

मालीशवाल्या बाईंचा विषय मात्र कडक घ्यावा लागतो. गाठ आली की गरम शेक आणि अंगठ्यानं रगडून ‘मोडून’ काढणं. आपणही तेच शिकलो होतो, शेका, चोळा, पूर्ण रिकामं करा. अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिननं २०२२ मध्ये स्तनदाहाचा नवा प्रोटोकॉल काढला, त्यात हे जवळजवळ उलटं आहे. जोरात चोळायचं नाही, त्यानं आतल्या सुजलेल्या पेशींना इजा होते. थंड शेक, सूज उतरवणारी गोळी डॉक्टरांना विचारून, आणि बाळाला नेहमीसारखं पाजत राहायचं, रिकामं करायच्या हट्टानं जास्त पंप करायचा नाही. दुधाची मागणी वाढवली की सूज वाढते. ताप एक दिवसाच्या पुढे राहिला किंवा गाठ लालबुंद झाली तर डॉक्टर. मला हे पचायला वेळ लागला, दहा वर्षं मी आयांना गरम टॉवेल सांगितला होता.

म्हणूनच शिक्षण हवं. आता तुमचा दुसरा प्रश्न.

चार दिवसांचा ऑनलाइन कोर्स करूनही लोक ‘लॅक्टेशन कन्सल्टंट’ अशी पाटी लावतात. जगभर मानलं जाणारं प्रमाणपत्र आयबीसीएलसी, म्हणजे इंटरनॅशनल बोर्ड सर्टिफाइड लॅक्टेशन कन्सल्टंट. ते १९८५ साली सुरू झालेलं आयबीएलसीई हे परीक्षा मंडळ देतं. कोर्स चालवणारे वेगळे आणि परीक्षा घेणारे वेगळे, हे लक्षात ठेवा. कुठलाही कोर्सवाला ‘आमच्याकडून थेट आयबीसीएलसी मिळेल’ म्हणाला तर तिथून उठा. तीन वाटा आहेत. तुम्ही नर्स आहात, त्यामुळे पहिली वाट तुमची: अर्जाच्या आधीच्या ५ वर्षांत स्तनपानाच्या प्रत्यक्ष कामाचे १००० तास आणि या विषयाचं ९५ तासांचं शिक्षण, त्यातले ५ तास संवादकौशल्याचे. शरीररचनाशास्त्रासारखे पायाचे विषय तुमच्या जीएनएममध्ये झालेत. परीक्षेत १७५ बहुपर्यायी प्रश्न असतात, बरेचसे फोटो बघून उत्तर द्यायचे. पास झालात की ५ वर्षांनी नूतनीकरण. नियम आणि फी बदलत असतात, अर्ज करताना मंडळाच्या संकेतस्थळावरचंच वाचा, माझं किंवा एजंटचं ऐकू नका.

हजार तासांना घाबरू नका. ड्युटीत खरोखर पाजण्याच्या कामाचे दोन तास धरले आणि वर्षाच्या २५० ड्युट्या, तर दोन वर्षांत होतात. आजपासून वही घाला: तारीख, बाळाचं वय, काय दिसलं, काय केलं, पुढच्या वेळी काय झालं. नाव नको. शेवटचा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा, तोच आपण कधी लिहीत नाही.

पैसे आत्ता नसतील तर छोट्या पायऱ्या आहेत. बीपीएनआय, म्हणजे ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया, ही संस्था ३ डिसेंबर १९९१ ला आपल्याच महाराष्ट्रात, वर्ध्याला स्थापन झाली आणि ती समुपदेशनाचं प्रशिक्षण देते. सरकारी दवाखान्यांतल्या सिस्टरांसाठी २०१६ पासून ‘माँ’ हा स्तनपान वाढवण्याचा केंद्र सरकारचा कार्यक्रम आहे. खासगीत असलात तरी ओळखीच्या सरकारी सिस्टरकडून त्याचं साहित्य वाचायला घ्या. माझ्या मते तुमच्यासाठी क्रम असा: सहा महिने वही, मग समुपदेशनाचं छोटं प्रशिक्षण, मग ९५ तास. उलटं केलंत तर स्लाइड पाठ होतात, डोळा तयार होत नाही.

एक अट. ज्या कार्यक्रमामागे पावडर कंपनीचा पैसा आहे तिथे जाऊ नका, जेवण कितीही चांगलं असो. १९९२ च्या कायद्यानं आणि २००३ च्या दुरुस्तीनं दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या डबाबंद आहाराची आणि बाटल्यांची जाहिरात, फुकट नमुने, आरोग्य कर्मचाऱ्यांना भेटवस्तू, परिसंवादांना प्रायोजकत्व, सगळ्याला मनाई आहे. टेबलावरचं कॅलेंडर आणि पेनसुद्धा त्यात येतं. ऑगस्ट २०१९ च्या पुरात, नेमका स्तनपान सप्ताह संपत होता, मी सांगलीच्या एका शिबिरात होते. मदतीच्या ट्रकमधून बिस्किटं, चादरींबरोबर बाटल्या आणि पावडरीचे डबे उतरले. लोकांचा हेतू सोन्यासारखा होता. पण प्यायचं पाणी टँकरचं, बाटल्या उकळायची धड सोय नाही, आणि अंगावर पाजणाऱ्या चांगल्या आया घाबरून डबा मागत होत्या, “पुराच्या धसक्यानं दूध आटलं” म्हणून. धसक्यानं दूध आटत नाही, पान्हा थोडा वेळ अडतो. आम्ही एका वर्गखोलीला साड्यांचा आडोसा केला आणि तिथे फक्त पाजणाऱ्या आयांना बसवलं. पहिला तास नुसती रडारड झाली. मग पान्हे फुटले. ज्या दोन बाळांना आधीपासूनच वरचं चालू होतं त्यांना डबे दिले, पाणी उकळून, वाटी-चमच्यासकट.

‘एनएफएचएस-५’ मध्ये, म्हणजे २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, देशात ८८ टक्क्यांवर बाळंतपणं दवाखान्यात होतात आणि पहिल्या तासात अंगावर घेतलेली बाळं मात्र ४२ टक्केही नाहीत. बाळ आपल्याच वॉर्डात असतं त्या तासात. म्हणून मला तुमच्यासारख्या सिस्टरचा प्रश्न दहा कन्सल्टंटांपेक्षा मोलाचा वाटतो. सिझरच्या टेबलावरसुद्धा, आई शुद्धीत असेल आणि बाळ ठीक असेल, तर भूलतज्ज्ञांना आधी विचारून बाळ आईच्या छातीवर ठेवता येतं. एका सरांना पटवायला मला दोन वर्षं लागली. आता तेच विचारतात, “ठेवलं का?”

आणि तो काट्याचा प्रश्न सोडू नका. माझ्या पहिल्या दवाखान्यात लेबर रूमचा काटा आणि वॉर्डचा काटा यांत ९० ग्रॅमचा फरक निघाला होता. तीन किलोच्या बाळाला तेवढ्यानंच तीन टक्के. कितीतरी बाळं आम्ही त्या ९० ग्रॅमपायी पावडरीवर घातली असतील. उद्या ड्युटीला जाताना किराणा दुकानातून एक किलो साखरेच्या तीन बंद पिशव्या घ्या. तिन्ही एकदम एका काट्यावर ठेवा, मग दुसऱ्यावर. दोन्ही आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहा, आणि साखर चहाला ठेवून द्या.